अहिराणी लिहायची, पण कुणाच्या हाताने?

बोलीला लिपी नसते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. महाविद्यालयात भाषाविज्ञानाचा तास घेताना हे वाक्य मी स्वतःही दोन-तीन वर्षे फळ्यावर लिहिले आहे. पुस्तकात होते म्हणून लिहिले. पुढे एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग मराठीला तरी स्वतःची लिपी कुठे आहे? देवनागरी तर संस्कृतचीही आहे, हिंदीचीही आहे, नेपाळीचीही आहे." मला उत्तर देता आले नाही. पोरगा शिरपूरकडचा होता आणि त्याच्या घरात दोन भाषा बोलल्या जात, पावरी आणि अहिराणी. मराठी त्याच्यासाठी तिसरी. त्या दिवसापासून ते वाक्य मी फळ्यावर लिहिणे सोडले.

प्रश्न लिपीचा नसतोच. आपल्याकडे जी लिपी आहे तिच्यात कोणतीही भाषा थोड्याफार तडजोडीने लिहिता येते. प्रश्न असतो तो त्या तडजोडी कुणी करायच्या याचा. हे मी अहिराणीच्या, म्हणजे माझ्या घरच्या भाषेच्या उदाहरणाने सांगणार आहे.

आधी अहिराणी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत आणि नाशिकच्या बागलाण-मालेगावच्या बाजूला ती बोलली जाते. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन तुकडे केले, १९६० नंतर त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाले. भाषा मात्र या रेघा ओलांडून तशीच चालत राहिली. ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुना आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीत मराठीचा खंड सातवा, तो १९०५ चा. त्यात खानदेशी नाही. ती आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ च्या, भिल्ली बोलींच्या शेजारी. आमच्याकडच्या काही विद्वानांना हा शेजार आजही सहन होत नाही. परिसंवादातून मी ऐकले आहे: अहिराणी ही अभीर राजांची भाषा, तिचे नाते थेट प्राकृताशी, भिल्लांशी तिचा काय संबंध? राजाशी नाते जोडायला पुरावा थोडका असला तरी चालतो, भिल्लाशी नाते तोडायला तर पुरावा लागतच नाही!

जनगणना मात्र ग्रिअर्सनच्याच वाटेने गेली. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' ही आठव्या अनुसूचीबाहेरची स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आहे आणि तिचे भाषक सुमारे १८ लाख ६० हजार दाखवले आहेत. अहिराणी या खानदेशीच्या पोटातच मोजली जाते. २००१ मध्ये हाच आकडा २० लाख ७५ हजारांच्या घरात होता. दहा वर्षांत दोन लाख माणसे बोलायची थांबली, असे कुणी समजू नये. आमच्या दारात मोजणीला आलेल्या गुरुजींनी आईला विचारले, "मातृभाषा मराठीच ना?" आईने मान हलवली. ज्या भाषेत ती मान हलवताना "हां" म्हणाली, ती नोंदली गेली नाही. म्हणजे सरकारच्या एका खात्यात ही भाषा आहे आणि दुसऱ्या खात्यात, शाळेत, हीच शुद्धलेखनाची चूक आहे.

ती चूक नेमकी कशी होते ते पाहू. आम्ही 'पाणी' म्हणत नाही, 'पानी' म्हणतो. 'कोण' नव्हे, 'कोन'. 'डोळा' आमच्या तोंडी 'डोया' होतो, 'शाळा' 'शाया' होते आणि काळा घोडा 'काया घोडा' होतो. मूर्धन्य ण आणि ळ आमच्या जिभेवर बहुधा नाहीतच. तिसरीत असताना मी 'शायेत' असे लिहिले होते. वहीवर लाल रेघ आली, आणि तिच्यासोबत गुरुजींचे एक वाक्य आले, ज्यात माझ्या आडनावाचा उल्लेख होता. वर्गात पाटलाचा पोरगाही 'शाया'च म्हणायचा. त्याच्या वहीतही लाल रेघ असायची, पण वाक्य नसायचे. आजी सांगायची, तिच्या काळी 'पानी' हा शब्द अख्ख्या गावाचा एक होता आणि पाणवठे दोन होते. गावात जो उच्चार जात सांगत नव्हता, तो शाळेत आल्यावर सांगू लागला.

आता अहिराणी लिहायला बसलेल्या माणसापुढे पहिलाच पेच येतो तो हा: 'डोया' लिहावे की 'डोळा' लिहून 'डोया' वाचावे? दुसऱ्या मार्गाला हसू नये. प्रमाण मराठी स्वतः हेच करते. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगवेगळा उच्चारला जातो, अक्षर मात्र एक. शाळेत शिकलेले पोर अडत नाही, कारण भाषा त्याला आधी येते, अक्षर नंतर. पण माझे मत 'डोया'च लिहावे असे आहे. 'डोळा' लिहिले की वाचणारा मनातल्या मनात मराठी वाचू लागतो आणि अहिराणी ही पुन्हा मराठीचा बिघडलेला उच्चार होऊन बसते. 'काया' लिहिल्यावर कुणाला संस्कृत काया आठवली तर आठवू द्यावी. वाक्य पुढे गेले की घोडा दिसतोच.

दुसरा पेच अधिक बारीक आहे. 'माझा' याला अहिराणीत काय म्हणतात? कुणी 'मना' लिहितो, कुणी 'मन्हा'. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्ही बोलले जातात. न मधला तो हकार कुठे स्पष्ट ऐकू येतो, कुठे नुसता श्वासासारखा निसटतो. 'आहे' याला आमच्या गावी 'शे' म्हणतात, तालुका ओलांडला की 'से' ऐकू येते. आणि 'माझे' लिहायचे झाले तर 'मनं' असा टिंब द्यावा लागतो. हा टिंब नाकातला नाही. 'केलं', 'गेलं' यांत मराठी जसा शेवटचा अ वाजवण्यासाठी टिंब देते, तसाच हा. टिंब दिला नाही तर 'मन' होते, आणि 'मनं घर' म्हणजे माझे घर हे 'मन घर' होऊन कवितेत जाऊन बसते. नवशिके लेखक टिंब विसरतात आणि वाचकाला वाटते, खानदेशी माणसे फार भावुक.

अनेकवचनाचे विभक्तिरूप तर कसोटीच पाहते. 'लोकांना' याला 'लोकेस्ले', 'पोरांचा' याला 'पोरेस्ना'. स् चा पाय मोडायचा की नाही? 'लोकेसले' लिहिले तर मराठी वाचक स वर थांबतो, अहिराणी वाचक थांबत नाही. 'तो जात आहे' हे आमच्याकडे 'तो जाई ऱ्हायना'. इथे 'ऱ्ह' आला. ही र ची आडवी खूण देवनागरी लिहिणाऱ्या भाषांत मराठीने विशेष जपली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक तिच्याने होतो. आमच्या भाषेत ती दर चौथ्या वाक्याला लागते, कारण चालू असलेले प्रत्येक काम 'ऱ्हायना'वर चालते. विद्यार्थी मोबाईलवर ती खूण सापडत नाही म्हणून 'राहिना' लिहितात, किंवा सरळ इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळे होतात. इंग्रजी अक्षरांत ण-न चा आणि ह्रस्व-दीर्घाचा जाचच उरत नाही. माझे कित्येक विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा अहिराणी लिहितात ती रोमन अक्षरांत, मित्राला निरोप धाडताना, आणि तिथे त्यांना कुणी लाल रेघ मारत नाही. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला याचे दुःख व्हायला हवे. तितके होत नाही.

ह्रस्व-दीर्घाविषयी तर बोलायलाच नको. पण बोलतो, कारण आपल्या पोरांचे सर्वांत जास्त गुण तिथे जातात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ चे, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधी शेकडो वर्षे मराठीचे दफ्तर मोडीत लिहिले जात होते, आणि मोडीत इ-ई, उ-ऊ असा भेद पाळला जात नव्हता. एका वेलांटीवर पेशवाईचा हिशेब चालला, जमिनींचे खटले चालले, महारांच्या वतनाचे कागद झाले. कुणाचे काही अडले नाही. मग जी वेलांटी राज्यकारभाराला लागली नाही, ती दहावीच्या पोराला नापास करण्यापुरती पवित्र कधीपासून झाली?

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला नियम मुभा देतात. सवलत चांगलीच आहे. तथापि तिच्यात एक व्यवस्था दडलेली आहे: अवतरणचिन्हांच्या आत बोली, बाहेर प्रमाणभाषा. आत बोलणारा पात्र, बाहेर सांगणारा लेखक. मराठी ग्रामीण कथेने ही व्यवस्था इमानाने पाळली. दलित आत्मकथनांनी ती खिळखिळी केली. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये. 'उपरा'त कैकाडी शब्द येतात ते नमुना म्हणून नव्हे, जगण्याचा भाग म्हणून येतात. आमच्या खानदेशातून मात्र निवेदनासकट सगळे अहिराणीत लिहिलेले, गावकुसाबाहेरच्या माणसाचे पुस्तक कुणी मला विचारले तर सांगताना मी अजून घुटमळतो.

इथे बहिणाबाईंचे नाव कुणीतरी घेईलच. घ्यावे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी लिहून घेतली ती सोपानदेवांनी आणि घरच्याच एका नातलगाने, आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. त्यांची भाषा लेवा मंडळींची बोली, अहिराणीची शेजारीण. त्या गाण्यांतले कोणते अक्षर बहिणाबाईंच्या जिभेचे आणि कोणते लिहिणाऱ्याच्या कानाचे, हे आता कोण सांगणार? मुलगा कवी होता, म्हणून आईचे शब्द बरेचसे वाचले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, हे योग्यच झाले. पण त्यांच्याच काळात आमच्या वाड्यात जात्यावर गाणाऱ्या बायांपाशी लिहिणारा मुलगा नव्हता, कारण त्या मुलाला शाळेच्या ओट्याखाली बसवले होते.

हा प्रश्न काही खानदेशापुरता नाही. तासाच्या तयारीत मला काक्वा नावाची भाषा भेटली. युगांडाचा वायव्य कोपरा, दक्षिण सुदानातले येई आणि काँगोचा लगतचा भाग, अशा तीन देशांत ती बोलली जाते. सरहद्दी गोऱ्यांनी आखल्या, माणसे मधोमध सापडली. आपल्याला या लोकांची ओळख असलीच तर इदी अमीनमुळे. तो बापाकडून काक्वा होता असे सांगतात, आणि १९७२ मध्ये त्याने हिंदी लोकांना युगांडातून हाकलले एवढे आपल्या लक्षात राहिले. एक जुलमी माणूस म्हणजे अख्खी जमात, हा हिशेब आपल्याला नवा नाही. ब्रिटिशांनी तर कायदा करून कित्येक जमातींना गुन्हेगार ठरवले होते. असो. तर काक्वाला लिहायला अक्षरे मिळाली ती मिशनऱ्यांकडून, रोमन. १९२८ मध्ये नाईलच्या काठी रेजाफ येथे एक परिषद भरली. मिशनरी होते, सरकारी अधिकारी होते, सल्ला द्यायला वेस्टरमान नावाचे जर्मन भाषापंडित होते. दक्षिण सुदानातल्या कोणत्या भाषा शाळेत शिकवायच्या आणि कोणत्या अक्षरांत, हे तिथे ठरले. निवडलेल्या भाषांत बारी होती. काक्वा ही बारीची सख्खी, पुष्कळजण तिला बारीची बोलीच म्हणतात. तिचे नाव यादीत नव्हते. आपल्या इथे मराठी आणि अहिराणी यांचे जे नाते लावले जाते, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

काक्वात ब आणि ड दोन-दोन आहेत. एक आपला नेहमीचा, दुसरा श्वास आत ओढून केलेला. रोमन लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून ब च्या आधी वर एक स्वल्पविरामासारखी खूण देतात. तेवढ्याने काम भागते. स्वर उंच की खाली यावरही शब्दाचा अर्थ बदलतो, पण नेहमीच्या लिहिण्यात तो चढउतार दाखवतही नाहीत. वाचणाऱ्याला भाषा येते, तो भरून घेतो. हा आत ओढलेला ब ऐकायला आफ्रिकेत जायला नको. जळगावच्या सिंधी कॉलनीत एखाद्या दुकानात दहा मिनिटे उभे राहावे. सिंधीत असे चार ध्वनी आहेत आणि देवनागरीत सिंधी लिहिताना ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी अक्षरे केली आहेत. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनी अक्षराखालची रेघ मिळवली आणि १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागाही मिळवली. त्यांच्यापाशी शिकलेली माणसे होती, व्यापार होता, संघटना होती.

अहिराणीसाठी काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी कोश केला, म्हणी गोळा केल्या, भाषेचा शास्त्रीय अभ्यास केला. डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे नियतकालिक अहिराणीत चालवले. ही कामे मी वर्गात वापरतो. अभ्यासकांनी अहिराणीच्या पोटबोलीही नोंदल्या आहेत. प्रदेशावरून खाल्यांगी, वरल्यांगी, तप्तांगी, डोंगरांगी. आणि जातीवरून गुजराऊ, भिलाऊ, महाराऊ. हा शेवटचा शब्द पहिल्यांदा छापलेला पाहिला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. राग आला होता. नंतर विचार केला, यात खोटे काय आहे? वाडा वेगळा ठेवला, तर बोलणे थोडे वेगळे होणारच. पण उद्या कुणी 'प्रमाण अहिराणी' ठरवायला बसेल, पाठ्यपुस्तक करील, तेव्हा महाराऊ आणि भिलाऊ यांची जागा कुठे असेल? मराठीने अहिराणीला जे केले, तेच अहिराणी महाराऊला करणार नाही कशावरून? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. एका सहकाऱ्याने म्हटले, आता अहिराणीसाठीही लढायला हवे. मी विचारले, कुठल्या? त्याला प्रश्नच कळला नाही.

आणि आपल्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्या मागच्या पिढीने ही बोली आपण होऊन बाजूला ठेवली. चौदा एप्रिलच्या सभेत आमच्या गावचे कार्यकर्ते प्रमाण मराठीत बोलायचे, अडखळत, पण निश्चयाने. येसकराची काठी टाकली, मेलेले ढोर ओढणे टाकले, तसेच 'जोहार' टाकला आणि त्याच्याबरोबर जोहार ज्या भाषेत घालायचे ती भाषाही टाकली. ते चुकले असे मी म्हणणार नाही. अहिराणीच्या म्हणी चाळून पाहाव्यात. आमच्या जातीचे नाव ज्यात शिवी म्हणून येते अशा किती निघतील ते मोजावे. गोडव्याचे गाणे गाणाऱ्यांनी त्या म्हणी गाळून गोडवा काढला आहे. मला ही भाषा हवी आहे ती तिच्या त्या म्हणींसकट, कारण त्या गाळल्या तर आपण कुठे उभे होतो याचा कागदच उरणार नाही.

मला ती का हवी, हे एका पत्रावरून सांगतो. माझे वडील सुरतेला लूमवर होते. उधन्याच्या खोलीत गावचेच आठ-दहा जण राहायचे. १९९० नंतरची गोष्ट, गावात फोन एकच, तोही पाटलांकडे. म्हणून पत्रे. मी चौथीत गेल्यापासून घरचा लिहिणारा मी झालो. आई चुलीपाशी बसून सांगायची, "त्यास्ले लिख, तुमना बिगर घर खावाले उठस." मी पोस्टकार्डावर शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहायचो: 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम आहे. आपली प्रकृती कळवावी.' वडिलांचे उत्तर यायचे त्यावर पहिला शब्द 'जयभीम' असायचा. पुढचे तेही कुणाकडून तरी लिहून घेत, त्यामुळे तिकडेही सर्व क्षेमच असायचे. आईला पत्र वाचून दाखवताना मी ते उलट अहिराणीत करून सांगायचो, आणि क्षेमला अहिराणीत शब्द नव्हता म्हणून 'बठ्ठं बरं शे' एवढेच सांगायचो. चार-पाच वर्षे नवरा-बायकोचे बोलणे माझ्या चौथी-पाचवीच्या मराठीतून गेले. मी भाषांतर करत होतो हे मला ठाऊक नव्हते. काय गाळत होतो, हे तर नव्हतेच.

वडील गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ती पोस्टकार्डे सापडली, सुतळीने बांधलेली. माझेच अक्षर. ण जागच्या जागी, वेलांट्या बहुतेक बरोबर. गेल्या पावसाळ्यात मी ती काढली आणि एकेक आईला वाचून दाखवू लागलो. ती गहू निवडत होती. तीन-चार झाली तोवर काही बोलली नाही. पाचव्याला तिने सूप खाली ठेवले.

"आन् मी सांगेल व्हतं ते कोठे शे?"

मी कार्ड पुन्हा उलटून पाहिले. मग कपाटातून कोरी वही आणली आणि तिला म्हटले, पुन्हा सांग. पहिल्या ओळीला 'तुमना' लिहू की 'तुमन्हा', यावरच अडलो. तिला विचारले. ती म्हणाली, मी म्हनस तसं लिख. दोनदा म्हणून दाखवले तिने. एकदा 'ना' ऐकू आले, एकदा 'न्हा'.